एक कडेवर, एक बोटाशी: रमजानमधला विमानप्रवास

रमजान अर्ध्यावर आला की नयानगरच्या इमारतींखाली अपरात्री टॅक्सीच्या टपावर बॅगा चढताना दिसतात. कोणी उमऱ्याला निघालेले असते, कोणी ईद नवऱ्यासोबत करायला दुबईला किंवा कुवेतला. त्यात हमखास एखादी आई असते. एक मूल कडेवर, दुसरे बोटाशी. नवऱ्याला रजा नाही, म्हणून ती एकटीच निघालेली. मीरा-भाईंदरमध्ये अशी घरे एकाच धर्माची नाहीत. आखाताच्या विमानात शेजारच्या गल्लीतली डिसोझांची किंवा पाटलांची सूनही असतेच. आजचे लिखाण या आईसाठी आहे, आणि तिच्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्यासाठीही.

आधी रोजाची गोष्ट. निघण्याच्या दिवशी तिला घरादारातून एक प्रश्न येतोच: "रोजा आहे ना?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, पण दोन मुले सांभाळणाऱ्या बाईला तो टोचतो. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह बकरामध्ये, जिथे रमजानचे रोजे सांगितले आहेत, तिथेच आजारी माणसाला आणि मुसाफिराला सूट दिली आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. हदीसनुसार अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही सवलत आहे. ती नंतर कशी भरून काढायची, यात मतांचा थोडा फरक आहे. हनफी मतानुसार पुढे तितके रोजे ठेवायचे. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्यात केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला, तर रोजा भरून काढण्यासोबत गरिबाला अन्नही द्यायचे असते. पहाट उजाडल्यावर घर सोडणाऱ्या मुसाफिराने त्या दिवशी काय करावे, यावरही मतभेद आहेत. आपल्या मौलानांना आधी विचारून घ्यावे आणि मग कुणाच्या भुवईकडे पाहू नये. बाळ मांडीवर, पोटात पाणी नाही आणि पुढे पाच तासांची सफर, हा हट्ट धर्माने मागितलेला नाही.

ज्यांचा रोजा असतो त्यांच्यासाठी विमानात वेळेचे गणित बदलते, आणि हिंदू मित्रांना याचे भारी कुतूहल असते. इफ्तार घड्याळावर नाही, सूर्यावर. आणि तोही विमान जिथे असेल तिथल्या. पश्चिमेला जाणारे विमान सूर्याच्या मागे धावते. मार्चमध्ये मुंबईत सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो. दुपारी साडेचारला जेद्दाकडे उडालेल्या माणसाच्या खिडकीत मात्र तो भारतीय वेळेनुसार आठ वाजून गेले तरी दिसत राहतो. शिवाय उंचीवरून सूर्यास्त जमिनीपेक्षा काही मिनिटे उशिरा होतो. म्हणूनच २०११ मध्ये दुबईत बुर्ज खलिफाच्या ८० व्या मजल्यावर राहणाऱ्यांना दोन मिनिटे आणि १५० व्या मजल्याच्या वर तीन मिनिटे थांबून रोजा सोडायला सांगितले गेले होते. परतीला पूर्वेकडे येताना उलटे, दिवस आखडतो.

आता मुलांकडे वळू. विमानात बाळ रडते ते बहुतेकदा कानामुळे. उडालेल्या विमानातला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो. विमान उतरू लागले की तो पुन्हा वाढतो आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. मोठी माणसे जांभई देतात, आवंढा गिळतात. तान्ह्याची कानापासून घशाकडे जाणारी नळी अरुंद आणि आडवी असते, त्यामुळे ती लवकर मोकळी होत नाही. गिळले की ती उघडते. म्हणून चढताना आणि त्याहून जास्त उतरताना बाळाला पाजावे. उतरणे जमीन दिसण्याच्या बरेच आधी, साधारण अर्धा तास अगोदर सुरू होते. बाळ गाढ झोपले असेल तरी तेव्हा उठवून पाजलेले बरे. दीड-दोन वर्षांच्या मोठ्याला पेल्यातून घोट घोट पाणी द्यावे. कडक गोळी नको, घशात अडकते. बी काढलेल्या खजुराचा बारीक तुकडा चालतो. सर्दीने नाक चोंदले असेल किंवा कान दुखत असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. झोपेसाठी सर्दीचे औषध पाजायचा सल्ला वडीलधाऱ्यांकडून मिळतो. तो ऐकू नये.

तिकिटातली एक खोच पुष्कळांना काउंटरवरच कळते. दोन वर्षांखालचे मूल मांडीवर जाते, पण एका मोठ्या माणसामागे एकच. दोन्ही मुले दोन वर्षांखालची असतील तर एकाला स्वतंत्र सीट घ्यावीच लागते. आणि वय मोजायचे ते प्रवासाच्या दिवशी: जाताना तेवीस महिन्यांचा असलेला मुलगा तिकडे दोन वर्षांचा झाला की परतीला त्याचे सीट लागते. परदेशी जाताना तान्ह्यालाही स्वतःचा पासपोर्ट हवा. पुढच्या रांगेसमोर टांगायचा पाळणा, ज्याला बॅसिनेट म्हणतात, मोजकाच असतो आणि त्याला वजनाची मर्यादा असते. तिकीट काढतानाच सांगून ठेवावा. विमान हलू लागले तर बाळाला त्यातून उचलावे लागते, म्हणजे आईला सलग झोप नाहीच. बाळाच्या दुधाला आणि पेजेला १०० मिलीलिटरची अट नसते. प्रवासाला पुरेल इतके नेता येते. बाळाच्या कपड्यांचा जादा जोड सगळेच घेतात, आईचा कुणी घेत नाही. आईचाही घ्यावा.

घरून निघतानाही रमजानचे भान हवे. इफ्तारच्या आधीचा तासभर काशिमिऱ्यापासून दहिसरच्या नाक्यापर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. गर्दी माफ झालेली नाही.

उमऱ्याला तान्हे मूल नेऊ नये, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. गर्दीच्या दृष्टीने त्यांचे खरे आहे. २०२५ च्या हजला सौदी सरकारने लहान मुलांना सोबत आणण्यास मनाई केली ती त्याचसाठी. उमऱ्याला मात्र मुले जातात. माझ्या मते मूल अगदी तान्हे असेल आणि आई एकटी असेल, तर शेवटच्या दहा दिवसांची गर्दी टाळून दुसरा महिना बघावा. पण गंमत अशी की उमऱ्यात सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये ज्या सात खेपा घालतात, त्या मुळात एका आईच्याच आहेत. हाजिरा वाळवंटात एकटी होती, बाळ इस्माईल तहानेने रडत होते आणि ती पाण्यासाठी धावत होती. झमझमचे पाणी त्यानंतरचे. कोट्यवधी लोक आजही तिच्या पावलांवरून चालतात.

राहिला शेजारी. बाळ रडू लागले की चार रांगांतल्या माना वळतात. आई आधीच घामाघूम झालेली असते आणि त्या नजरांनी तिचे हात आणखी थरथरतात. नमाजमध्ये मागून मुलाच्या रडण्याचा आवाज आला, तर पैगंबर साहेब लांबवायची ठरवलेली नमाज आटोपती घेत, आईला त्रास नको म्हणून, असे हदीसमध्ये आहे. मशिदीत जे चालले, ते विमानात का चालू नये? शेजाऱ्याने फार काही करायचे नसते. वरची बॅग काढून द्यावी, ती बाळाला पाजत असताना तोंड दुसरीकडे वळवावे, डायपर बदलायला गेली तर मोठ्याला दोन मिनिटे खिडकीतले ढग दाखवावेत. आणि उतरल्यावर गाडी उघडेपर्यंत त्याचे बोट धरून उभे राहावे. दोन हात आणि दोन मुले असली की तेवढ्यापुरता तिसरा हात लागतोच.