आखातात कामाला निघालात? आधी एजंटचा 'सातबारा' बघा

भिवंडी : यंत्रमागाचा धंदा मंद झाला की कारखान्यात पाळी कमी होते. गोदामात काम मिळतं, पण तेही ठेकेदारामार्फत. त्यामुळे भिवंडी शहरातली आणि तालुक्यातल्या गावांतली तरुण पोरं परदेशाकडे बघायला लागली आहेत. मोबाईलवर रोज कुठला तरी मेसेज येऊन पडतो : 'दुबईत गोदामात हेल्पर पाहिजे, राहणं-खाणं फ्री, आठ दिवसांत व्हिसा.' खाली एक मोबाईल नंबर असतो. कंपनीचं नाव नसतं आणि लायसन्स नंबरही नसतो.

कोकणपट्टीतून आखातात जाण्याची वाट जुनी आहे. तिकडच्या कमाईवर कित्येक घरं उभी राहिली, पोरीबाळींची लग्नं झाली, हे खरं आहे. पण याच वाटेवर घरातलं सोनं गहाण टाकून गेलेला माणूस तीन महिन्यांत रिकाम्या हाताने परत येतो, हेही खरं आहे. बहुतेक वेळा फसवणुकीची सुरुवात विमानात बसायच्या आधी, इथेच झालेली असते. म्हणून ती इथेच ओळखता येते.

आधी एजंटचा सातबारा

जमीन घेताना कोणीही आधी सातबारा बघतो. विकणारा कितीही ओळखीचा असला, तरी उताऱ्यावर त्याचं नाव नसेल तर बयाणा देत नाही. परदेशी पाठवणाऱ्या एजंटचाही असाच एक उतारा असतो.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशात नोकरीला माणसं पाठवायची तर केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. लायसन्स मिळवताना एजंटला बँक गॅरंटी भरावी लागते. लायसन्सचा नंबर 'बी' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो आणि मुंबईच्या एजंटच्या नंबरात पुढे मुंबईची खूण असते. हा नंबर ऑफिसात आणि जाहिरातीत लावावा, अशी सरकारची सूचना आहे.

नंबर मिळाला की सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर तो टाकून बघा. कोणत्या एजंटचं लायसन्स चालू आहे, कोणाचं निलंबित आहे आणि कोणाचं रद्द झालं आहे, हे तिथे मोबाईलवरही दिसतं. पोर्टलचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो का, हे मात्र आधी पाहावं, कारण नकली पोर्टलही निघतात.

खरी अडचण पुढे येते. गावात फिरणारा माणूस सांगतो, 'लायसन्स आमच्या मुंबईच्या शेठचं आहे, मी त्यांच्याकडून काम करतो.' म्हणजे हा सब-एजंट. कायद्यात सब-एजंट नावाची कुठलीच सोय नाही. तो नातेवाईक असो की शेजारच्या गावचा, त्याच्या हातात पैसे किंवा पासपोर्ट देऊ नये. मुंबईला लायसन्सवर लिहिलेल्या ऑफिसात स्वतः जावं. त्यात एक दिवसाची मजुरी बुडेल, पण लाख-दीड लाख वाचतील.

पैसे किती द्यायचे?

एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये घेता येतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ३५,४०० रुपये होतात. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत आणि पक्की पावती घ्यावी. 'पावती नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

प्रत्यक्षात एक-दीड लाख मागितले जातात. हा फरक किती महाग पडतो, ते उदाहरणाने बघू. समजा दीड लाख रुपये शेकडा तीन रुपये महिना व्याजाने काढले. महिन्याचं व्याज झालं ४,५०० रुपये. दुबईत पगार १,२०० दिरहम आहे. एका दिरहमचे साधारण २४ रुपये धरले तर २८,८०० रुपये झाले. त्यातून जेवणखाण आणि मोबाईलला ४०० दिरहम, म्हणजे ९,६०० रुपये गेले. उरले १९,२००. व्याज भरून हातात राहिले १४,७००. घरी एक रुपयाही न पाठवता नुसती मुद्दल फेडायलाच दहा महिने लागतात. आणि हा हिशेब पगार वेळेवर आला तरचा आहे. ३५,४०० रुपयांत गेलेला माणूस याच पगारात तीन महिन्यांच्या आत मोकळा होतो.

व्हिसा कुठला, ते वाचा

'व्हिसा आला' एवढं ऐकून घरात पेढे वाटले जातात. पण व्हिसा नोकरीचा आहे की नुसता फिरायला जायचा, हे कोणी वाचत नाही.

व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसावर तिथे काम करणं बेकायदा आहे. 'आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर बदलून देऊ' असं सांगितलं जातं. बदलून मिळाला नाही की माणूस अडकतो. दुबईसह संपूर्ण अमिरातीत व्हिसाची मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिरहम दंड चढत जातो. महिन्याचे १,५०० दिरहम झाले, म्हणजे मिळणाऱ्या पगारापेक्षा दंडच जास्त.

दुसरा प्रकार 'आझाद व्हिसा'चा. यात कफील फक्त कागदावर असतो आणि काम दुसरीकडेच करायचं असतं. नावाला आझाद, पण कायद्याने असा कुठलाच व्हिसा नाही. धाड पडली तर कामगार पकडला जातो. कफिलाने 'कामगार पळाला' अशी तक्रार दिली, ज्याला सौदीत हुरूब म्हणतात, तर अकामा असूनही माणूस बेकायदा ठरतो.

पासपोर्टवरचा शिक्का

जो दहावी पास नाही, त्याचा पासपोर्ट साधारणपणे 'ईसीआर' प्रकारचा असतो. अशा माणसाला सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते. ती 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' देतात. त्यांचं मुंबईचं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवनात आहे.

ही मंजुरी म्हणजे कटकट आहे असं समजून अनेक जण ती चुकवायला बघतात. पण तिचा फायदा कामगारालाच आहे. कंपनी खरी आहे का, करारात पगार किती लिहिला आहे, हे मंजुरीच्या वेळी तपासलं जातं. घरकामाला किंवा इतर कामाला जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टच्या बायकांना या देशांसाठी वयाची ३० वर्षं पूर्ण असावी लागतात.

याच मंजुरीसोबत प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपयांचं संरक्षण मिळतं. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४० हून अधिक भारतीय गेले. असं काही घडतं तेव्हा विम्याच्या कागदाची किंमत कळते. त्याची एक प्रत घरी ठेवून जावं.

दहावी-बारावी झालेल्या पोरांना ही मंजुरी लागत नाही. पण त्यामुळे त्यांचे कागद तपासणारंही कोणी नसतं. त्यांनी जास्त सावध राहायला हवं.

करारात काय बघायचं

करार कळणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा. अमिरातीत नोकरीची ऑफर हिंदीतही मागता येते. या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात :

- कंपनीचं पूर्ण नाव आणि कामाचं नाव. इथे 'फोर्कलिफ्ट ऑपरेटर' आणि तिथे 'क्लीनर' असं होऊ नये.
- मूळ पगार आणि भत्ते वेगळे. एकूण आकडा मोठा दाखवून मूळ पगार कमी लिहिला, तर नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बुडते.
- कामाचे तास, ओव्हरटाइम आणि आठवड्याची सुट्टी.
- राहणं आणि जेवण कंपनीचं की स्वतःचं. कतारमध्ये २०२१ पासून मूळ पगार किमान १,००० रियाल आहे. राहण्याची सोय नसेल तर वर ५०० आणि जेवणाची नसेल तर ३०० रियाल द्यावे लागतात.
- मुदत किती आणि परतीचं तिकीट कोणाकडे.

हातात कसब असेल तर पगार मागता येतो. भिवंडीच्या गोदामांत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याने अनुभवाचं पत्र आणि प्रशिक्षणाचा दाखला जपून ठेवावा. वायरमन, प्लंबर, वेल्डर अशांना सौदीला जायचं तर कामाची परीक्षा द्यावी लागते. आयटीआय झालेल्याला ती जड जात नाही.

थायलंडची नोकरी आणि म्यानमारचा तळ

आखाताबाहेर आता नवं जाळं पसरलं आहे. 'थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार ७०-८० हजार' अशी नोकरी दाखवतात. बँकॉकला उतरवून पोरांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेतात, किंवा असंच लाओस आणि कंबोडियात नेतात. तिथे पासपोर्ट काढून घेऊन लोकांना ऑनलाइन गंडवायचं काम करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी म्यानमारच्या अशा तळांवरून सुटलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना परत आणलं. साध्या टायपिंगला एवढा पगार कोण देतं, हा प्रश्न निघण्याआधी विचारावा.

निघताना आणि अडकल्यावर

पासपोर्ट, व्हिसा, करार आणि पावत्यांचे फोटो घरच्यांच्या मोबाईलवर पाठवून ठेवावेत. दुसऱ्याचं पार्सल बॅगेत घेऊ नये. आखातात खसखशीवर बंदी आहे, त्यामुळे आईने दिलेल्या मसाल्यात किंवा लाडवात ती नाही ना, हे बघावं. रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावीत. तिथे गेल्यावर मालकाने पासपोर्ट ठेवून घेणं अमिरातीत बेकायदा आहे.

तिथे पगार अडला किंवा त्रास झाला, तर भारतीय दूतावास गाठावा. अमिरातीतून ८०० ४६३४२ हा फुकट नंबर चालतो. घरच्यांना भारतातून १८०० ११ ३०९० वर फोन करता येतो आणि सरकारच्या 'मदद' पोर्टलवर तक्रारही टाकता येते. दूतावासाकडे अडलेल्यांसाठी कल्याण निधी असतो. गरज असेल तर परतीचं तिकीटही त्यातून निघतं.

इथल्या एजंटने फसवलं तर जवळच्या पोलीस ठाण्यात जावं. शहराचा भाग ठाणे आयुक्तालयात आणि पडघा, गणेशपुरीकडची गावं ठाणे ग्रामीणमध्ये येतात. हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवू लागलं, तर कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हे लक्षात ठेवावं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा.

उत्प्रवास कायद्यातली शिक्षा मोठी नाही, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. त्यामुळे पैसे परत मिळायचे तर फसवणुकीचा गुन्हा पक्का उभा राहावा लागतो, आणि तो पावती, बँकेची नोंद आणि मेसेज यांवरच उभा राहतो. रोख दिलेल्या पैशाला साक्षीदार नसतो. म्हणून लायसन्स नंबर, व्हिसाचा प्रकार आणि सहीचा करार, हे तीन कागद हातात आल्याशिवाय घरातलं सोनं सावकाराकडे जाऊ देऊ नये.