बाबा कोण?

आमचा दादा लष्करात आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तो शिकला आणि नेमणूक मिळाली ती थेट सीमेवर. सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपतीच्या आदल्या दिवशी, तो बोपोडीतल्या घरी रजेवर आला. दारातच बॅग टाकून त्याने मुलासाठी हात पसरले. मूल दीड वर्षाचे. बापाला आठ महिन्यांनी पाहत होते. त्याने एकदा दादाकडे पाहिले, माझ्या गुडघ्यांना मिठी मारली आणि मलाच म्हणाले, "बाबा, चल."

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग आई वहिनीला म्हणाली, "पोराला बापाची ओळखसुद्धा ठेवता आली नाही का गं तुला?" वहिनी काही न बोलता चहा ठेवायला आत गेली.

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. पुढे मानसशास्त्र विषय घेतला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे 'चार पुस्तके वाचून आम्हाला शिकवतो' हा ठपका मी घरी रोजच ऐकतो. तरी लिहितो, कारण खडकी, घोरपडी, देहूरोडच्या बाजूला अशी घरे पुष्कळ आहेत.

जवान 'पीस' ठिकाणी असला आणि क्वार्टर मिळाले, तर कुटुंब बरोबर नेता येते. 'फील्ड'वर नेता येत नाही. वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते, पण ती केव्हा मिळेल हे युनिटच्या गरजेवर. मोठ्या माणसाला आठ महिने म्हणजे कॅलेंडरची आठ पाने. दीड वर्षाच्या मुलाचे मात्र ते जवळजवळ अर्धे आयुष्य!

ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने स्वतःच्याच तीन मुलांचे निरीक्षण करून दाखवले की, पहिल्या सात-आठ महिन्यांत खेळणे झाकले की मूल ते शोधत नाही. नजरेआड गेलेली गोष्ट असतेच, हे त्याला हळूहळू कळते. आपल्या आज्या पदर तोंडावर घेऊन 'बुवा... कुक!' करतात, तेव्हा याच धड्याची उजळणी चालते. दीड-दोन वर्षांच्या सुमारास दूरच्या माणसाची प्रतिमा मनात धरता येऊ लागते. पण 'दिवाळीनंतर येतील' हे त्याला काहीच सांगत नाही.

वहिनी रोज रात्री फोटो दाखवत असे आणि मूल त्यावर बोट ठेवून 'बाबा' म्हणत असे. मग मला बाबा का? या वयात मुलाजवळ शब्द थोडे आणि जग मोठे असते. शेळीही भूभू, म्हैसही भूभू. तसाच उचलून घेणारा, मिशीवाला तो बाबा. (शेजारचे रिक्षावाले काकाही महिनाभर बाबाच होते, हे आम्ही दादाला अजून सांगितलेले नाही.) वहिनीची चूक यात कुठेच नव्हती. फोटोतला बाबा अंघोळ घालत नाही, पडल्यावर उचलत नाही.

व्हिडिओ कॉलचा उपयोग होतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाच्या आतील मुलांना पडद्यापासून दूर ठेवा असे सांगताना फक्त या कॉलला सूट दिली. पण दादाच्या चौकीवर कित्येक दिवस नेटवर्क नसे, आणि असले की तो परीक्षा घेई, "मी कोण? सांग ना!" मूल पळून जाई. एकदा त्याने टोपीमागे तोंड लपवून बुवा-कुक केले, तेव्हा कुठे पोरगे खदखदून हसले.

इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या मुलीच्या आठ दिवसांच्या इस्पितळवासाचा चित्रपट दाखवला. जॉन बोल्बी आणि त्यांनी ताटातुटीत सापडलेल्या मुलांच्या तीन अवस्था सांगितल्या : आकांत, मग निराशा, मग अलिप्तपणा. तिसऱ्या अवस्थेला आपण कौतुकाने 'आता रमला हो' म्हणतो! परतलेल्या माणसाकडे मूल पाठ फिरवते, याचा अर्थ ते विसरले असा नव्हे. दुखावलेलेही पाठ फिरवते.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या घरांचा अभ्यास लोइस स्टोल्झ यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या मागे जन्मलेले पहिले मूल लाडावलेले आहे, असे वाटून ते बाप कडक होत आणि दुरावा वाढे. दादाही तिसऱ्याच दिवशी खेकसला, "एवढा मोठा झाला, भरवायचं कशाला?"

आता माझ्याकडून झालेले सांगतो. ऑक्टोबरात दादा निघाला तेव्हा 'रडेल' म्हणून मुलाला रुळांकडे लोणावळा लोकल दाखवायला मीच घेऊन गेलो. परत आल्यावर त्याने खाटेखाली पाहिले, मोरीत पाहिले, दाराआड पाहिले. पुढे तीन आठवडे ते वहिनीला नजरेआड होऊ देईना. माझ्याबरोबर गाडी बघायला यायचे तर त्याने सोडूनच दिले. सांगून गेले तर मूल रडते, पण माणूस गेला हे त्याला दिसते. न सांगता गेले की कोणीही केव्हाही नाहीसे होते, एवढेच ते शिकते.

मे २०२५ मध्ये दादा आला तेव्हा त्याने हात पसरले नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मुलाने त्याचा बूट ओढत आणून त्याच्या मांडीवर ठेवला. मग अंघोळ दादाकडे आली, भरवणेही आले. आई हे बघत होती. वहिनीला काही म्हणाली नाही, पण त्या दिवसापासून 'ओळखी'चा विषय निघाला नाही.

जूनमध्ये निघताना दादाने मुलाला उचलून सांगितले, "बाबा चालला." मूल गल्लीच्या वळणापर्यंत ओरडून रडले, नंतरही बराच वेळ रडले. वहिनी त्याला कडेवर घेऊन दारातच उभी राहिली.

संध्याकाळी त्याने माझे बोट धरले आणि म्हणाले, "काका, गाडी."