डेव्हलपरची मुलाखत घेताय? आधी उधारीची वही समोर ठेवा

मंचर असो की आळेफाटा, प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, दुकानाचं सॉफ्टवेअर करून घ्यायचंय, पण मला त्यातलं काही कळत नाही. मग डेव्हलपरच्या मुलाखतीत विचारू काय?"

व्हिडिओत थोडक्यात सांगितलं होतं, इथे सविस्तर सांगतो. पण आधी एक गोष्ट. एक काउंटर, रोख विक्री आणि साधं बिल एवढंच काम असेल, तर डेव्हलपरच्या नादी लागू नका. तयार बिलिंग सॉफ्टवेअर घ्या, पैसे वाचवा. तुमच्या धंद्याची रीत त्यात बसत नसेल, तरच माणूस शोधा.

माझी रीत बसत नव्हती. नारायणगावात माझं पाइप आणि ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. आपल्याकडची उधारी पिकावर चालते. टोमॅटोचे, कांद्याचे पैसे झाले की गिऱ्हाईक येतं. कधी पूर्ण देतं, कधी निम्मे. पहिल्या वेळी मी ज्याला काम दिलं, तो मुलाखतीत फाडफाड बोलला आणि मी भुललो. सहा महिन्यांनी वडिलांच्या वेळचे एक गिऱ्हाईक हिशेब चुकता करायला आले. स्क्रीनवरचा आकडा चार हजारांनी जास्त. त्यांनी खिशातून माझंच छापील बिल काढलं आणि म्हणाले, "बाळा, हे तुझंच ना?"

त्या क्षणी दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. नुकसान चार हजारांचं नव्हतं.

चूक साधी होती. पाइपचा दर फक्त मालाच्या यादीत ठेवला होता. मी नवा दर टाकला की जुनी उधारीही नव्या दराने मोजली जायची. २०२३ च्या जुलैत नारायणगावला २० किलोचं टोमॅटोचं क्रेट २,००० रुपयांच्या वर गेलं होतं. म्हणून मे महिन्याची पट्टी कुणी बदलली का? ज्या दिवशीचा व्यवहार, त्या दिवशीचा दर बिलातच राहिला पाहिजे. हे मला माहीत होतं. मुलाखतीत विचारायचं सुचलं नाही, एवढंच.

दुसऱ्या वेळी मी उधारीच्या वहीतलं एक पान उतरवून घेतलं. नावं आणि मोबाइल नंबर बदलले, कारण गिऱ्हाइकाची माहिती परक्याला दाखवायची नसते. मग प्रत्येक उमेदवाराला ते पान, कोरा कागद आणि अर्धा तास दिला. "याचे तक्ते कसे कराल, ते आखून दाखवा."

घाबरू नका, डेटाबेस आपल्याला परका नाही. एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांची ही पद्धत आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. पण आपले जुने व्यापारी रोजची नोंद कीर्दीत आणि ज्याचं त्याचं खातं खतावणीत ठेवतच होते. दोन्ही वह्या खातेपानाच्या नंबराने जोडलेल्या. तेच तत्त्व समजा.

मग हे चार प्रश्न विचारा:

१. एकाच गावात एकाच नावाची दोन गिऱ्हाइकं असली तर? "मोबाइल नंबरवरून ओळखू" म्हणाला, तर विचारा: बाप-लेक एकच नंबर देतात, त्याचं काय? प्रत्येक खात्याला स्वतःचा वेगळा नंबर हवा.

२. उद्या दर बदलला, तर कालच्या बिलाचं काय होईल?

३. गिऱ्हाइकाने निम्मे पैसे दिले, दोन पाइप परत आणले. जुना आकडा खोडणार की नवी नोंद करणार? नवी नोंदच हवी. खाडाखोड वहीत चालत नाही, तशी इथेही नाही.

४. बिल करताना मधेच लाइट गेली तर? बिल आणि स्टॉक, दोन्हीची नोंद झाली पाहिजे, नाहीतर एकाचीही नाही. आणि बॅकअप आहे म्हणाला, तर तो परत चालू करून दाखवायला सांगा.

तिघे आले होते. पुण्यात नोकरी केलेल्याने व्याख्या धडाधड सांगितल्या, पण कागद कोराच. दुसऱ्याने लगेच आखायला घेतलं, दर मात्र पुन्हा मालाच्या यादीतच. तिसरी, अवसरीला इंजिनिअरिंग केलेली मुलगी, दहा मिनिटं नुसतं पान वाचत बसली. मग म्हणाली, "सर, इथे 'जमा ५००' लिहिलंय. ते कोणत्या बिलापोटी?" बॅकअपच्या प्रश्नावर म्हणाली, "हे मी स्वतः केलेलं नाही. करून बघून सांगते." आणि चौथ्या दिवशी करून दाखवलं. काम तिलाच दिलं. आधी एक महिना, पगार ठरवून. फुकट चाचणीकाम कुणाकडूनही घेऊ नका. सर्व्हरचं खातं आणि पासवर्ड पहिल्या दिवसापासून तुमच्याच नावावर ठेवा.

ते जुने गिऱ्हाईक अजून येतात. हिशेब आता बरोबर निघतो. पण छापील बिल अजूनही खिशात घालूनच येतात.

तुमचा गृहपाठ: आज रात्री वहीचं सगळ्यात गिचमिड पान शोधा. तीच तुमची प्रश्नपत्रिका.