रशियन माणसाचं ‘ऑफ कोर्स’

लंडनमधल्या कचेरीत एकजण रशियन सहकाऱ्याला विचारतो, “इज द लायब्ररी ओपन टुडे?” तो आनंदाने सांगतो, “ऑफ कोर्स.” त्याच्या मनात असतं, ‘हो, उघडी आहे की!’ समोरच्याच्या कानावर पडतं, ‘एवढंही ठाऊक नाही?’ व्याकरण बरोबर, उच्चार बरोबर, तरी बोलणं बिनसलं. असं का होतं, ते आपण क्रमाने पाहू.

आधी रशियन बाजू. रशियनमध्ये ‘कन्येश्ना’ असा शब्द आहे. लिहिताना त्यात ‘च’ असतो, बोलताना ‘श’. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘ऑफ कोर्स’ लिहिलेलं असतं आणि पुष्कळ ठिकाणी ते बसतंही. पण कन्येश्नाचं रोजचं काम आहे होकारात जीव ओतणं. रशियनमध्ये ‘हो’ला ‘दा’ म्हणतात. आमंत्रणाला नुसतं ‘दा’ म्हटलं तर उत्तर कोरडं वाटू शकतं. ‘कन्येश्ना’ म्हटलं की ते मनापासूनचं होतं. आपलं ‘हो तर!’ याच्या जवळचं आहे.

आता इंग्रजी बाजू. ‘ऑफ कोर्स’ म्हणणारा सुचवतो की उत्तर उघडच आहे, विचारायची गरज नव्हती. सगळी गंमत या शेवटच्या तीन शब्दांत आहे. कोणी पेन मागितलं आणि आपण ‘ऑफ कोर्स’ म्हटलं, तर ‘विचारायचं काय त्यात, घ्या’ असा मोकळेपणा पोचतो. पण कोणी माहिती विचारली, तर तीच ‘गरज नव्हती’ प्रश्न विचारणाऱ्यालाच लागते.

म्हणून उत्तर देण्याआधी एवढंच पाहावं: समोरचा काही मागतोय, की काही जाणून घ्यायला विचारतोय? मागत असेल तर ‘ऑफ कोर्स’ खुशाल म्हणावं. विचारत असेल तर टाळावं. आमंत्रण या दोहोंच्या मधलं. तिथे एकटं ‘ऑफ कोर्स’ तुटक वाटू शकतं. “ऑफ कोर्स आय विल कम, थँक यू” असं पूर्ण वाक्य केलं की आपुलकी कळते.

टाळायचं तर त्याऐवजी काय म्हणायचं? रशियन माणूस पुष्कळदा क्रियापदच परत उच्चारून होकार देतो. मराठीतही आपण तेच करतो: “येशील?” “येईन.” इंग्रजीत हे काम सहायक क्रियापद, म्हणजे मुख्य क्रियापदाला आधार देणारा छोटा शब्द, करतं. “यस, इट इज.” “यस, आय डू.” ही सवय लागली की नुसत्या ‘यस’चा कोरडेपणा जातो आणि ‘ऑफ कोर्स’ची आठवणही होत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा ‘डू यू माइंड’ने होतो. “खिडकी उघडली तर आपली हरकत आहे का?” असा तो प्रश्न. परवानगी द्यायची असताना ‘ऑफ कोर्स’ म्हटलं, तर शब्दशः ‘हरकत आहेच’ असा अर्थ निघतो. तिथे “ऑफ कोर्स नॉट” हवं. इथे इंग्रजांचाही गोंधळ उडतो, त्यामुळे हातवारे आणि चेहरा मदतीला येतात. फोनवर मात्र नीट पूर्ण उत्तर द्यावं.

वाक्याच्या मध्ये येणारं ‘ऑफ कोर्स’ही जपून वापरावं. त्यातून ‘हे आपल्याला माहीत असेलच’ असं सूचित होतं. ऐकणाऱ्याला नवीनच गोष्ट सांगताना ते घातलं, तर त्याला आपलं अज्ञान उघडं पडल्यासारखं वाटतं.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनी थॉमस यांनी 1983 साली ‘अप्लाइड लिंग्विस्टिक्स’ या नियतकालिकातल्या लेखात रशियन भाषकांचं हेच उदाहरण घेतलं होतं. त्यांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, याला भाषा अजून येत नाही. पण वाक्य बिनचूक असून हेतू भलताच पोचला, तर तो म्हणतो, हा माणूसच उद्धट आहे. शिवाय अशी चूक कोणी दुरुस्त करून देत नाही, कारण ती चूक म्हणून ओळखूच येत नाही. व्याकरण पक्कं झालेल्या विद्यार्थ्यालाच तिचा फटका अधिक बसतो.

गोव्यात मोरजीला रशियन पाहुणे बरेच येतात. तिथे खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी, किंवा कामानिमित्त रशियन माणसांशी इंग्रजीत बोलणाऱ्या कोणीही, “नाश्ता आवडला का?” याला आलेलं ठसठशीत ‘ऑफ कोर्स’ मनाला लावून घेऊ नये. बहुधा नाश्ता खरोखरच आवडलेला असतो.