सप्तपदी आणि पारपत्र

गोमंतकात विवाहाची नोंदणी ही आता केवळ संसाराची पहिली पायरी राहिलेली नाही. कित्येक घरांत ती लिस्बनच्या वाटेवरचा पहिला कागद ठरू लागली आहे. पोर्तुगीज नागरिकाशी विवाह केलेल्या व्यक्तीस तीन वर्षांनंतर, विवाह टिकून असताना, त्या देशाचे नागरिकत्व मागण्याची सोय पोर्तुगालच्या १९८१ च्या कायद्याने ठेविली आहे. अर्थात, तो विवाह तेथील दप्तरी नोंदलेला असावा लागतो आणि त्या देशाशी खरा संबंध नसल्यास तेथील सरकारी वकील हरकत घेऊ शकतो.

या बाबतीत एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. परकीयाशी विवाह केल्याने कोणाही भारतीयाचे नागरिकत्व जात नाही. तथापि, परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले की, आपल्या १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमान्वये ते संपुष्टात येते. पुढे 'ओसीआय' कार्ड मिळाले तरी मतदानाचा हक्क, निवडणुकीची उमेदवारी आणि शेतजमीन खरेदीचा अधिकार परत येत नाहीत.

मग हा त्याग अपरिहार्यच असतो काय? तसे नाही. पोर्तुगालबाहेर, परंतु युरोपीय संघाच्या एखाद्या देशात नोकरी करणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाच्या पती वा पत्नीस भारतीय पारपत्र राखूनही सोबत राहण्याचा व काम करण्याचा हक्क संघाचे नियम देतात. इंग्लंडची वाट मात्र पूर्वीसारखी मोकळी नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश संघाबाहेर पडला आणि त्या वर्षअखेर मुक्त संचाराची सवलतही संपली.

पोटापाण्यासाठी परदेशी जाणाऱ्यांना आम्ही दोष देणार नाही. येथे पुरेसे काम नाही, हा दोष त्यांचा नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, हा निर्णय ज्या सुनेच्या नावे अर्ज जातो, तिने स्वतः घ्यावा. सासरच्या मंडळींनी पुढे केलेल्या कागदावर तिने मुकाट्याने सही करू नये. ज्या नागरिकत्वाच्या आशेने गोमंतकीयांनी आग्वादचा तुरुंग भोगला, ते सोडायचेच असेल तर पूर्ण विचारांती सोडावे. रीत म्हणून नव्हे.