वडीलमंडळ, ख्रिस्ती
ख्रिस्तमंडळीचा कारभार एकाच व्यक्तीकडे न सोपविता पाळक व वडील यांनी मिळून चालविण्याची व्यवस्था. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याच्या पुढाकाराने जिनीव्हात १५४१ मध्ये संमत झालेल्या नियमांनी पाळक, शास्त्रशिक्षक, वडील व डीकन ही चार पदे ठरविली. गोरगरीब व रुग्ण यांची व्यवस्था डीकनांकडे होती. पाळकांनी दर तीन महिन्यांनी एकत्र येऊन परस्परांचे दोष दाखवावेत, असा दंडक होता. मात्र १२ वडील नगरपरिषदांतून घेतले जात. त्यांची देखरेख नागरिकांच्या खाजगी जीवनातही शिरे. जॉन नॉक्स व त्याचे सहकारी यांनी स्कॉटलंडमध्ये १५६० साली रचलेल्या शिस्तग्रंथात वडिलांची निवडणूक दरवर्षी घ्यावी, असे सुचविले. दीर्घकाळच्या अधिकाराने मंडळीचे स्वातंत्र्य धोक्यात येऊ नये, हा त्यामागील हेतू. पाळकाच्या आचरणावर लक्ष ठेवणे हेही वडिलांचे कर्तव्य मानले गेले.