भिंतींना डोळे फुटले!

लग्नाचे स्थळ सांगून आले म्हणजे मुलाची किंवा मुलीची ‘चौकशी’ करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कोणी शेजाऱ्याला गाठतो, कोणी कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारतो, कोणी दूरच्या मावशीकडून आतली बातमी काढतो. या चौकशीत निम्मी माहिती ऐकीव आणि उरलेली सांगणाऱ्याच्या स्वभावानुसार तिखटमीठ लावलेली असे. तरी तिच्यात एक गोष्ट बरी होती. चौकशी चालू आहे, हे साऱ्या चाळीला ठाऊक असे. आणि कोणी भलतेसलते सांगितलेच, तर ‘अहो, तो मुलगा हा नव्हेच!’ असे सांगायलाही कोणीतरी धावून येई.

नोकरीच्या बाबतीत हे काम चारित्र्याच्या दाखल्याकडे असे. आम्ही प्राध्यापक मंडळी आजही असे दाखले देतो. परंतु नोकरी देणाऱ्यांचा त्यावर फारसा विश्वास उरलेला नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष तरी कसा द्यावा? ‘वर्तणूक वाईट’ असा दाखला इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात एकदाही आलेला नाही!

मग साहेब करतात काय? अर्ज बाजूला ठेवतात आणि उमेदवाराचे नाव फेसबुकवर नि इन्स्टाग्रामवर शोधतात. भिंतीला कान असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. फेसबुकने आपल्याला जी नवी ‘भिंत’ दिली, तिला मात्र चक्क डोळे फुटले! करिअरबिल्डर या अमेरिकन कंपनीने २०१८ साली मालकवर्गाची पाहणी केली. तीत ७० टक्के मालकांनी सांगितले, की आम्ही उमेदवाराची समाजमाध्यमे चाळतो. आणि अशा मालकांपैकी ५७ टक्क्यांना तिथे असे काही आढळले होते, की त्यांनी तो उमेदवार नाकारला. नाकारलेल्यांपैकी कितीजणांना आपला गुन्हा कळला असेल? ‘आपली निवड होऊ शकली नाही’ एवढ्या एका ओळीपलीकडे कोण कोणाला काय कळवतो!

‘यात गैर काय?’ असे एखादा मालक विचारील. ‘पगार मी देणार, तेव्हा माणूस पारखून घेण्याचा हक्क माझा.’ हक्क मान्य. पण प्रश्न असा, की या पारखण्यातून खरोखर काही कळते का? अमेरिकेत काही संशोधकांनी याचाच छडा लावला. नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांची फेसबुकची पाने त्यांनी नेमणुका करणाऱ्या अनुभवी मंडळींना दाखवली आणि गुण द्यायला सांगितले. पुढे ते विद्यार्थी नोकरीला लागल्यावर त्यांच्या वरिष्ठांकडून कामाचा अहवाल मागवला. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पानावरून दिलेले गुण आणि प्रत्यक्षातले काम यांचा एकमेकांशी मेळच नव्हता. गोऱ्या उमेदवारांना आणि मुलींना मात्र त्या गुणांत झुकते माप मिळाले होते. म्हणजे भिंतीवर डोकावून उमेदवाराचे काम कळले नाही. डोकावणाऱ्याच्या मनातली आवडनिवड तेवढी कळली.

आपल्याकडे तर ही आवडनिवड फार खोलवर गेलेली. मुलाखतीत ‘तुमची जात कोणती?’ असे विचारायला आजचा साहेब कचरेल. पण कोण कोणत्या जयंतीला फोटो टाकतो, कोणत्या सणाला कोणता पदार्थ खातो, कोणत्या पुढाऱ्याच्या सभेला जातो, हे भिंतीवर आपोआप दिसते. नव्याने लग्न झालेल्या मुलीने डोहाळजेवणाचा फोटो टाकला, तर ‘ही आता सहा महिने रजेवर जाणार’ हा हिशेबही तिथल्या तिथे होतो. तोंडाने जे विचारायची लाज वाटते, ते डोळ्यांनी विचारून घेता येते. खरा धोका इथेच आहे.

युरोपातील माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी २०१७ साली एकत्रितपणे असे मत दिले, की एखाद्याचे पान सर्वांना खुले आहे, एवढ्यावरून मालकाने ते वापरायला आपण मोकळे आहोत असे समजू नये. कामाशी संबंध असेल तेवढेच पाहावे, आणि पाहणार असल्याची पूर्वसूचना उमेदवाराला द्यावी. आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. परंतु ज्याने त्याने स्वतःहून जगजाहीर केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. खिडकी आपणच सताड उघडी टाकली, तर डोकावणाऱ्याला हा कायदा हटकणार नाही.

बरे, नोकरी लागली म्हणजे सुटका झाली म्हणावे, तर तेही नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्याच्या तुरुंग खात्यातील एका कर्मचाऱ्याला २०१० साली पुन्हा कामावर घेताना चक्क त्याच्या फेसबुकचा पासवर्ड मागण्यात आला. घराच्या किल्ल्या मागण्याचाच हा प्रकार! त्यावर एवढा गदारोळ उठला, की २०१२ साली त्या राज्याने असे पासवर्ड मागण्यास बंदी घालणारा कायदा केला. व्हर्जिनियातील हॅम्प्टन शहरात शेरीफच्या हाताखालच्या एका माणसाने निवडणुकीत साहेबांच्या प्रतिस्पर्ध्याचे पान नुसते ‘लाइक’ केले होते. साहेब निवडून आल्यावर त्याची नोकरी गेली. अखेर २०१३ साली अपील न्यायालयाने ठरवले, की ‘लाइक’ करणे म्हणजे आपल्या अंगणात आवडत्या उमेदवाराची पाटी लावण्यासारखे आहे आणि तेही अभिव्यक्तीच आहे.

आपल्या घरचेच पाहा. २०२२ साली एस.टी.च्या एका महिला वाहकाला गणवेशात रील्स केल्याबद्दल निलंबित करण्यात आले आणि बरीच चर्चा झाल्यावर ते निलंबन मागे घेण्यात आले. महाराष्ट्र शासनाने २८ जुलै २०२५ रोजी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियमच काढले. खाजगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद बाहेर टाकू नका, ही कलमे कोणालाही पटावीत. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नका, हे कलम मात्र विचारात पाडणारे आहे. कारण जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. निवृत्तीला जेमतेम चार-पाच दिवस उरलेल्या एका महिला कर्मचाऱ्यावर राजकीय सभेला हजेरी आणि फेसबुकवरील मजकूर यांवरून कारवाई झाली होती. न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि सांगितले, की सेवानियमांची मर्यादा पाळून स्वतःची मते बाळगण्याचा व मांडण्याचा हक्क सरकारी नोकरालाही आहे. मर्यादा कुठे संपते आणि मुस्कटदाबी कुठे सुरू होते, हा वाद इतक्यात मिटणारा नाही.

मालकाची बाजूही अगदीच लंगडी नाही. गिऱ्हाइकाची टवाळी करणारा, सहकारी बाईंबद्दल वाह्यात लिहिणारा, कचेरीतले कागद चव्हाट्यावर मांडणारा माणूस कोणाला हवा असेल? अशा वागण्याला जाब विचारायलाच हवा. पण जाब विचारणे म्हणजे समोर बोलावून विचारणे. उमेदवाराच्या भिंतीवर काही खटकले, तर मुलाखतीत त्याला तसे सांगावे आणि त्याचे उत्तर ऐकून घ्यावे. कदाचित मजकूर सात वर्षांपूर्वीचा असेल, कदाचित नुसता चेष्टेचा असेल, आणि कदाचित तो मुलगा हा नसेलही. आपल्याकडे एका नावाची माणसे का थोडी आहेत! चाळीतल्या चौकशीत जी सोय होती, तेवढी तरी नोकरीच्या चौकशीत असावी, एवढेच मागणे आहे.

ती सोय होईपर्यंत आपणही सावध असलेले बरे. दिवाळीच्या आधी आपण माळे आवरतो, कपाटे झाडतो, जुनी रद्दी वेगळी काढतो. यंदा एक दुपार घरातल्या मुलांबरोबर बसून फोनही आवरावा. कोणता फोटो जगाला दाखवायचा आणि कोणता घरच्यांपुरता ठेवायचा, ते एकत्र ठरवावे. मुलांना उपदेश करण्यापूर्वी आईबाबांनी स्वतःचे पान उघडून पाहावे, म्हणजे मुलांनाही आवरायचा उत्साह येईल! मते मात्र पुसू नयेत. ज्या नोकरीसाठी स्वतःचे मतच खरवडून काढावे लागेल, ती पत्करण्यापूर्वी तिच्या मालकाचीही चौकशी करून घ्यावी.